अस्पृश्य पाहुणा

१९३७ सालच्या जानेवारी महिन्यांतील गोष्ट आहे. म्हैसूर येथें ख्रिस्ती तरुणांच्या वाय्. एम्. सी. ए. या संस्थेची जागतिक परिषद भरली होती. देशोदेशींचे प्रतिनिधि जमले होते. अमेरिकेहून आलेल्या मंडळींत एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. उंच, ताठ बांध्याचे, नीटनेटक्या पोशाखाचे. शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर आणि वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाच्या धर्मशास्त्र शाखेचे प्रमुख. जवळच्याच एका खेड्यांतील शाळेचे मुख्याध्यापक त्यांच्याकडे आले आणि आमच्या मुलांपुढें चार शब्द बोलावयास चलाच, असा आग्रह धरूं लागले. ती शाळा, त्या वेळीं ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांच्या मुलांची होती. परिषदेस आलेल्या एवढ्या नामांकित मंडळींत मुख्याध्यापकांना हवे होते ते हेच पाहुणे.

पाहुणे गेले. मुलांना त्यांची ओळख करून देतांना मुख्याध्यापकांनीं सांगितलें कीं, हे थोर गृहस्थ आपल्यासारखेच अस्पृश्य आहेत. आपल्या देशांत त्यांनींही तेंच सोसलें आहे जें तुम्ही येथें सोसतां. आणि तरीही ते या पदाला पोंचले आहेत.

तो शब्द कानीं पडतांच पाहुणे चमकले, गोंधळले आणि मनांतून संतापलेही. ज्यानें उभा जन्म विद्येच्या बळावर आपला माणूसपणा सिद्ध करण्यांत घालविला, त्याला भर सभेंत कोणी अस्पृश्य म्हणावें! परंतु तो संताप फार वेळ टिकला नाहीं. समोर बसलेल्या मुलांकडे पाहतां पाहतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, मुख्याध्यापकांनीं वावगें कांहींच सांगितलेलें नाहीं. दक्षिण अमेरिकी राज्यांत आपल्याला कोणत्या उपाहारगृहांत बसतां येतें? आगगाडीच्या कोणत्या डब्यांत? कोणत्या दारानें आंत जावें लागतें? आपण आपल्या जन्मभूमींत अस्पृश्यच आहों, हें जितकें स्पष्ट त्या दिवशीं एका भारतीय खेड्यांत कळलें, तितकें पूर्वीं कधींच कळलें नव्हतें, असें त्यांनीं पुढें आपल्या आत्मचरित्रांत मोकळेपणानें लिहून ठेवलें.

हे गृहस्थ म्हणजे डॉ. बेंजामिन एलायजा मेझ. या घटनेनंतर तीन वर्षांनीं ते अटलांटा येथील मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि सत्तावीस वर्षें त्या पदावर राहिले. बुकर टी. वॉशिंग्टन यांचें नांव मराठी वाचकांना जुनें आहे. मेझ यांचें नांव मात्र त्यांच्या शिष्याच्या, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या, तेजांत बरेंचसें लपून गेलें. दिव्याकडे पाहणारे पुष्कळ असतात. त्यांत तेल घालणाऱ्या हाताकडे पाहणारे थोडे. आज या सदरांत त्या हाताविषयीं लिहावयाचें आहे.

मेझ यांचा जन्म १ ऑगस्ट १८९४ रोजीं साउथ कॅरोलायना राज्यांतील एका खेड्यांत झाला. अमेरिकेंतील गुलामगिरी संपून त्या वेळीं उणींपुरीं तीस वर्षें झालीं होतीं. वडील हिझेकाया आणि आई लुव्हीनिया हीं दोघेंही गुलामगिरींत जन्मलेलीं. आठ भावंडांत बेंजामिन सर्वांत धाकटा. दुसऱ्याच्या जमिनी खंडानें घेऊन कापूस पिकवावा आणि वर्षअखेर देणें फेडतां फेडतां हात रिकामे व्हावेत, असा त्या घराचा संसार होता. आईला अक्षरओळख नव्हती. थोरली बहीण सुझी हिनें धाकट्या भावाला शाळेंत जाण्यापूर्वींच मुळाक्षरें, शंभरापर्यंत आंकडे आणि थोडेंबहुत वाचन शिकविलें. मुलगा शाळेंत गेला तो इतरांच्या पुढें दोन पावलें. मोठ्या कुटुंबांत थोरल्या बहिणीच्या मांडीवर होणारें हें पहिलें शिक्षण किती दूरवर पोंचतें, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना सांगावयास नको.

त्यांची सर्वांत जुनी आठवण मात्र शाळेची नव्हती. १८९८ च्या नोव्हेंबरांत त्या भागांतील फीनिक्स या गांवीं मतदानाच्या प्रश्नावरून दंगल झाली आणि गोऱ्या जमावानें कृष्णवर्णीयांची शिकार मांडली. बंदुका घेतलेले घोडेस्वार एके दिवशीं मेझ यांच्या वडिलांपुढें येऊन उभे राहिले. त्यांनीं त्यांना टोपी काढावयास लावली आणि पुन्हां पुन्हां वांकून नमस्कार करावयास लावला. चार वर्षांचा मुलगा तें पाहत होता. आपल्या घराचा कर्ता पुरुष, ज्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाहीं, तो परक्या पोरांसमोर कंबरेंत वांकलेला पाहणें, हा त्या मुलाचा पहिला धडा होता.

शाळा वर्षांतून चार महिने. कापसाचीं कामें आटोपलीं म्हणजे नोव्हेंबरांत जावयाचें आणि नांगरणी आली म्हणजे फेब्रुवारीअखेर परत यावयाचें. कृष्णवर्णीय माणसाला प्रामाणिकपणें करण्याजोगे धंदे दोनच, शेती आणि धर्मोपदेश, असें वडिलांचें मत होतें. आणि त्यांपैकीं कोणत्याहि धंद्याला जास्त शिकण्याची गरज त्यांना दिसत नव्हती. आई मात्र देवाजवळ मुलाच्या शिक्षणासाठीं रोज प्रार्थना करी. ऑरेंजबर्ग येथील सरकारी कृष्णवर्णीय कॉलेजच्या शाळेंत असतांना एके वर्षीं मुलानें फेब्रुवारींत घरीं परतावयाचें साफ नाकारलें. वडिलांची आज्ञा मोडण्याचा तो प्रसंग त्यांच्या मनाला आयुष्यभर लागून राहिला. पुऱ्या सत्राची शाळा पहिल्यानें अनुभवली तेव्हां वय एकोणीस होतें. खर्च भागविण्यासाठीं हा विद्यार्थी मध्यरात्रीनंतर उठून शाळेच्या आवारांतील शौचकूप साफ करी आणि सकाळीं वर्गांत पहिल्या बाकावर बसे. १९१६ मध्यें तो तेथून पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाला. पुढें म्हैसूरजवळच्या त्या शाळेंत ज्या मुलांसमोर ते उभे राहिले, त्यांच्यापैकीं अनेकांच्या घरचा परंपरेचा धंदा कोणता होता, याची आठवण येथें सहजच होते.

उत्तरेकडील मेन राज्यांत बेट्स नांवाचें एक कॉलेज आहे. गुलामगिरीच्या विरोधकांनीं तें १८५५ मध्यें काढलें होतें. मेझ १९१७ मध्यें तेथें गेले ते एकच प्रश्न मनांत घेऊन: गोऱ्या मुलांच्या बरोबरीनें, त्यांच्याच कसोटीवर, आपण उतरूं शकतों कीं नाहीं? लहानपणापासून सभोंवारच्या प्रत्येक पाटीनें, प्रत्येक कायद्यानें, प्रत्येक तुसड्या नजरेनें त्यांना सांगितलें होतें कीं, तूं कमी आहेस. त्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. पण पुरावाहि हातीं नव्हता. १९२० मध्यें ते सन्मानपूर्वक पदवीधर झाले, वादविवाद मंडळाचे पुढारी झाले आणि प्रश्न कायमचा मिटला. त्यानंतर शिकागो विद्यापीठाची एम्. ए. १९२५ मध्यें आणि डॉक्टरेट १९३५ मध्यें. म्हणजे पहिल्या पदवीपासून शेवटच्या पदवीपर्यंत पंधरा वर्षें. मधल्या काळांत त्यांनीं आगगाडींत हमाली केली, मोरहाउसमध्येंच गणित शिकविलें, प्रार्थनामंदिरांत उपदेशक म्हणून काम केलें आणि कृष्णवर्णीयांच्या धर्मसंस्थांची पाहणी करून १९३३ मध्यें एका सहकाऱ्यासह ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिली पत्नी एलेन १९२३ मध्यें वारली. १९२६ मध्यें सेडी ग्रे या सुशिक्षित बाईंशीं त्यांचा विवाह झाला. त्यांना मूलबाळ झालें नाहीं. कॉलेजचीं मुलें हीच त्यांची संतति.

अशा या पूर्वतयारीनें मेझ भारतांत आले होते. त्यांना गांधीजींना भेटावयाचें होतें. गांधीजी तेव्हां वर्ध्यानजीक सेगांव येथें राहत होते. तेंच गांव पुढें सेवाग्राम झालें. मेझ आणि त्यांचे सहकारी डॉ. चॅनिंग टोबायस यांच्याशीं गांधीजी सुमारें दीड तास बोलले. अहिंसा म्हणजे हातावर हात ठेवून सोसणें नव्हे, ती अत्यंत क्रियाशील अशी शक्ति आहे, हें गांधीजींनीं त्यांना समजावून सांगितलें. मेझ परत गेल्यावर त्यांनीं त्याच वर्षीं आपल्या समाजाच्या वृत्तपत्रांत याविषयीं लेख लिहिले. सामान्य, निःशस्त्र, अशिक्षित माणूस भीति टाकून ताठ उभा राहूं शकतो, हें त्यांना भारतांत सर्वांत मोलाचें वाटलें. टोपी काढून वांकलेल्या बापाच्या मुलाला तें मोलाचें वाटावें, यांत नवल काय?

परंतु या भेटींत त्यांनीं आणखीहि एक प्रश्न विचारला. आपल्याकडे हा भाग फारसा सांगितला जात नाहीं. आपण अस्पृश्यतेशीं युद्ध पुकारलें आहे, तसें जातिव्यवस्थेशींच कां पुकारीत नाहीं, असें त्यांनीं गांधीजींना विचारलें. गांधीजींचें त्या काळचें उत्तर असें होतें कीं, वर्ण ही मूळची कामाची वांटणी आहे. पाप आहे तें उच्चनीचतेंत आणि अस्पृश्यतेंत. पुढें गांधीजींचीं या बाबतींतलीं मतें पुष्कळ बदललीं आणि आंतरजातीय विवाहाचा त्यांनीं उघड पुरस्कार केला. पण १९३६-३७ च्या सुमारास हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठीं लिहिलेलें आणि मंडळानें सभाच रद्द केल्यामुळें करतां न आलेलें भाषण डॉ. आंबेडकरांनीं १९३६ मध्येंच छापून प्रसिद्ध केलें होतें, आणि त्यांतील मुख्य प्रश्न नेमका हाच होता. त्याहिपूर्वीं त्रेसष्ट वर्षें, १८७३ मध्यें, महात्मा फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केलें होतें. म्हणजे अमेरिकेचें दुःख आणि आपलें दुःख यांची सोयरीक आपल्याकडे फार पूर्वींच जुळली होती. म्हैसूरजवळच्या त्या अनाम मुख्याध्यापकांनीं ती एका वाक्यांत पुन्हां बोलून दाखविली.

आतां मोरहाउसकडे वळूं. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ मध्यें संपलें आणि चाळीस लाखांच्या आसपास गुलाम मोकळे झाले. त्यांच्यासाठीं धर्मसंस्थांनीं ठिकठिकाणीं शाळा व कॉलेजें काढलीं. मोरहाउसचा जन्म त्यांतलाच. १८६७ मध्यें जॉर्जिया राज्यांतील ऑगस्टा येथें एका प्रार्थनामंदिराच्या तळघरांत हा वर्ग सुरू झाला, १८७९ मध्यें तो अटलांटास आला आणि १९१३ मध्यें त्याला मोरहाउस कॉलेज हें नांव मिळालें. जॉर्जियाच्या सरकारी विद्यापीठानें पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले ते १९६१ मध्यें, तेहि न्यायालयाचा हुकूम झाल्यावर. त्यांतील एक तरुण मोरहाउसमधूनच तिकडे गेला होता. यावरून अशा कॉलेजांवांचून त्या समाजाच्या मुलांची काय गति झाली असती, याची कल्पना येईल.

मेझ १९४० मध्यें अध्यक्ष झाले तेव्हां कॉलेजची स्थिति नाजूक होती. इमारती थोड्या, पैसा त्याहून थोडा. त्यांत महायुद्ध आलें आणि तरुण सैन्यांत जाऊं लागले. युद्ध संपेपर्यंत कॉलेज बंद ठेवावें अशी सूचनाहि पुढें आली. मेझ यांनीं ती मानली नाहीं. शालेय शिक्षणाचें शेवटचें वर्ष राहिलेल्या हुशार मुलांना परीक्षा घेऊन प्रवेश द्यावयाचा, असा मार्ग त्यांनीं अवलंबिला. फीच्या वसुलींत ते इतके कडक होते कीं, रेडिओवरील एका विनोदी पात्रावरून विद्यार्थ्यांनीं त्यांना ‘बक बेनी’ असें टोपणनांव ठेवलें. पैशाच्या बाबतींत कठोर आणि माणसाच्या बाबतींत मऊ, असे कर्ते पुरुष आपल्याकडील जुन्या घरांतहि असत; त्यांच्याच जिवावर घरें उभीं राहत. प्राध्यापकवर्गांत उच्च पदव्या घेतलेल्यांची संख्या त्यांनीं वाढवीत नेली. अमेरिकेंत ‘फाय बीटा कॅपा’ ही विद्वत्तेचा मान देणारी जुनी संस्था आहे. तिची शाखा मोरहाउसला १९६८ मध्यें मिळाली, ती त्यांच्याच दीर्घ खटपटीचें फळ होय.

दर मंगळवारीं सकाळीं कॉलेजच्या प्रार्थनागृहांत ते विद्यार्थ्यांपुढें बोलत. या भाषणांचा मुख्य सूर एकच असे. कायद्यानें जेथें निरुपाय आहे तेथें वेगळ्या दारानें जावें लागलें तर जा. पण करमणुकीसाठीं, चैनीसाठीं, आपण होऊन त्या दारानें कधींहि जाऊं नका. नाटकगृहांत माडीवरच्या कोपऱ्यांत बसवितात ना? मग तें नाटक तुमच्यासाठीं नाहीं असें समजा. शिक्षण घेण्यासाठीं आणि पोट भरण्यासाठीं अपमान गिळावा लागेल. परंतु गिळला तो अपमान होता, हें विसरूं नका. अपमानाची संवय होऊं देणें हेंच खरें दास्य, असें त्यांच्या म्हणण्याचें सार होतें. कृष्णवर्णीय माणसाला दुप्पट चांगलें काम करावें लागतें, हें ते जाणून होते आणि मुलांकडून तें करवूनहि घेत. पण तुमची योग्यता तुमच्या गुणपत्रिकेवर अवलंबून आहे असें त्यांनीं कधींच सांगितलें नाहीं. ती जन्मतःच तुमची आहे, अभ्यास करा तो तिला शोभेल असा करा, ही त्यांची शिकवण होती.

१९४४ च्या शरद ऋतूंत पंधरा वर्षांचा एक मुलगा या प्रार्थनागृहांत येऊन बसला. त्याच नव्या नियमाप्रमाणें त्याला प्रवेश मिळाला होता. नांव मार्टिन ल्यूथर किंग. बाप उपदेशक, मुलाला मात्र त्या व्यवसायाचें आकर्षण नव्हतें. बुद्धि आणि भक्ति हीं एकाच माणसाच्या अंगीं नांदूं शकतात, हें त्यानें मेझ यांच्या ठिकाणीं पाहिलें. भाषण संपल्यावर तो त्यांच्यामागून खोलींत जाई आणि पटलें नाहीं त्यावर वाद घाली. त्यांतून जो स्नेह जुळला, तो अखेरपर्यंत टिकला. किंग त्यांना आपले आध्यात्मिक गुरु म्हणत.

या गुरूची कसोटी १९५६ च्या फेब्रुवारींत लागली. मॉन्टगमेरी शहरांत कृष्णवर्णीयांचा बसबहिष्कार चालू होता आणि किंग त्याचे पुढारी होते. त्यांच्या घरावर बाँब पडून गेला होता. आतां त्यांच्यावर खटला भरला गेला. किंग त्या वेळीं बाहेरगांवीं होते. परतीच्या वाटेवर ते अटलांटास वडिलांच्या घरीं उतरले. वडिलांनीं शहरांतील आपल्या विश्वासाचे जाणते लोक घरीं बोलाविले होते. मुलानें परत जाऊं नये, गेला तर जिवानिशीं जाईल, असें वडिलांचें म्हणणें होतें. जमलेल्यांपैकीं बहुतेकांना तें पटलें. सत्तावीस वर्षांचा मुलगा म्हणाला कीं, माझे लोक तेथें पकडले जात असतां मी येथें राहूं शकत नाहीं. वडिलांना रडूं कोसळलें. मुलानें मेझ यांच्याकडे पाहिलें. आणि मेझ बोलले. मुलाचें म्हणणें बरोबर आहे, त्याला जाऊं द्यावें, असें त्यांनीं स्पष्टपणें सांगितलें. मग इतरांचाहि सूर बदलला. वडील उठले, कामाला लागले आणि दुसऱ्या दिवशीं स्वतः मुलाबरोबर मॉन्टगमेरीस गेले.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला या बैठकीचें मोल निराळें सांगावयास नको. मुलावर प्रेम करणारे सर्वजण एका बाजूस असतां, त्याच प्रेमापोटीं दुसरी बाजू घेणें किती अवघड! मुलगा मेला असता तर हा शब्द मेझ यांना जन्मभर जाळीत राहिला असता. कदाचित् त्यांना नांगरणी सोडून शाळेंत राहिलेला तो एकोणीस वर्षांचा मुलगा आठवला असेल.

मेझ यांनीं भारतांतून नेलेलें बीज एकट्यानेंच पेरलें असें नव्हे. हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन हेहि भारतांत येऊन गेले होते आणि १९५० मध्यें फिलाडेल्फिया येथें गांधीजींवर झालेलें त्यांचें व्याख्यान ऐकून किंग यांनीं गांधीजींविषयींचीं पुस्तकें विकत घेतलीं. कृष्णवर्णीय कॉलेजांचे अध्यक्ष आणि अध्यापक हे त्या काळीं आपल्या आणि त्यांच्या चळवळींना जोडणारा पूल होते. किंग स्वतः १९५९ मध्यें भारतांत आले. केरळांतील एका शाळेंत आपलीहि ओळख अस्पृश्य म्हणूनच करून दिली गेली, प्रथम धक्का बसला आणि मग सत्य उमगलें, असें त्यांनीं पुढें १९६५ मधील एका प्रवचनांत सांगितलें. गुरूचा अनुभव शिष्याच्या वांट्यास पुन्हां आला.

गुरुशिष्यांत एक करार होता: जो मागें राहील त्यानें दुसऱ्याच्या अंत्यसमयीं चार शब्द बोलावेत. मेझ चौतीस वर्षांनीं वडील. हें कर्तव्य शिष्याकडे जाणार असेंच कोणालाहि वाटलें असतें. परंतु ९ एप्रिल १९६८ रोजीं खेंचरांच्या गाडीवरून निघालेली किंग यांची अंत्ययात्रा मोरहाउसच्या आवारांत आली आणि त्र्याहत्तर वर्षांचे मेझ एकोणचाळीस वर्षांच्या शिष्यावर बोलावयास उभे राहिले. आपल्याकडे बापानें मुलाची तिलांजलि देणें हें सर्वांत दारुण दुःख मानतात. त्या दिवशीं मेझ यांनीं तेंच केलें.

त्यानंतर ते घरीं स्वस्थ बसले असते तर कोणी दोष दिला नसता. सेडीबाई १९६९ मध्यें वारल्या. त्याच वर्षीं, पंचाहत्तराव्या वर्षीं, मेझ अटलांटाच्या शालामंडळाच्या निवडणुकीस उभे राहून निवडून आले. पुढच्या वर्षीं त्याचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले आणि १९८१ पर्यंत राहिले. १९७३ मध्यें शाळांच्या एकत्रीकरणाच्या वादांत त्यांनीं तडजोड केली. बसनें मुलें दूरच्या शाळांत पाठविण्याचा आग्रह बराचसा सोडला आणि त्याऐवजीं शाळांच्या कारभारांत कृष्णवर्णीयांना अधिकाराच्या जागा मिळविल्या. ती तडजोड बरोबर होती कीं नाहीं, यावर त्यांच्याच मित्रांत मतभेद झाले. २८ मार्च १९८४ रोजीं त्यांचें निधन झालें. मोरहाउसच्या आवारांतच त्यांची व सेडीबाईंची समाधि आहे. त्यांच्या हाताखालीं शिकलेल्यांत किंग यांच्याखेरीज अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनर्ड जॅक्सन आणि इतिहासकार लरोन बेनेट असे अनेक निघाले.

हें चरित्र वाचीत असतां मला आमच्या आजोळच्या घरांतील एक कोनाडा आठवला. तो मागच्या पडवींत होता आणि त्यांत कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असे. आवार झाडावयास येणाऱ्या बाईला आजी त्यांतून चहा देई. उरलेली भाजीभाकरी देई, सणाला लुगडें देई, तिच्या मुलीच्या लग्नाला पैसे देई. आजीइतकें मायाळू माणूस मीं पाहिलें नाहीं. पण चहा झाल्यावर ती बाई तो कप स्वतः विसळून पुन्हां त्या कोनाड्यांत पालथा घाली, आणि आम्हां मुलांपैकीं कोणीहि कधीं विचारलें नाहीं कीं, हा कप फडताळांत कां नाहीं? त्याला अस्पृश्यता म्हणतात हें कोणी म्हटलें नव्हतें, म्हणून ती आमच्या घरीं नाहीं असें आम्ही धरून चाललों होतों. शाळेंत आम्ही अमेरिकेंतील वर्णद्वेषाचा धडा वाचला आणि पाण्याच्या वेगळ्या नळांविषयीं वाचून मनापासून चिडलों. कोनाडा घरांतच होता.

म्हैसूरजवळच्या त्या मुख्याध्यापकांनीं केलें तें हेंच. त्यांनीं वस्तूला तिच्या नांवानें हांक मारली. मेझ यांचें मोठेपण असें कीं, तें नांव झोंबलें तरी त्यांनीं तें ढकलून दिलें नाहीं. मी डॉक्टर आहे, प्राध्यापक आहे, या मुलांहून निराळा आहे, असें म्हणून त्यांना सहज सुटतां आलें असतें. त्यांनीं तें म्हटलें नाहीं. ते त्या मुलांच्या रांगेंत जाऊन बसले, आणि तेथून उठले ते अधिक ताठ होऊन.

आपण, वाचकहो, त्या गोष्टींत कोठें आहों? त्या शाळेंतील बाकांवर आपण नव्हतों आणि पाहुण्याच्या खुर्चीवरहि नव्हतों. ज्यांच्यामुळें ती शाळा वेगळी काढावी लागली, त्यांच्या घरांत आपला जन्म झाला. अस्पृश्यता पाळणें राज्यघटनेनें १९५० पासून बंद केलें आहे आणि तो कोनाडाहि जुन्या घराबरोबर गेला. पण मेझ यांनीं वर्ध्यास विचारलेला दुसरा प्रश्न अस्पृश्यतेचा नव्हताच. तो जातीचा होता. मुलामुलींचीं लग्नें ठरवितांना, भाडेकरू ठेवतांना, नव्या ओळखीच्या माणसाचें आडनांव ऐकतांना आपल्या मनांत जें क्षणभर हलतें, त्याला आपण घरांत काय नांव देतों? तें नांव मुलांसमोर उच्चारण्याचें धैर्य ज्या घरांत असेल, त्या घरांत मेझ यांचें चरित्र वाचल्याचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.